रोममध्ये फिटलेलं सुतक

अमेरिकेत, आमच्या वेस्ट विंडसरच्या घरात दोन फोन होते. एक खाली स्वयंपाकघराच्या भिंतीवर, पिवळा. त्याची वेटोळी वायर ताणून ताणून आई शेगडीपासून मागच्या दारापर्यंत पोचायची. दुसरा वर, आईबाबांच्या खोलीत. लाइन एकच, त्यामुळे कुणी खाली बोलत असताना वरचा उचलला की सगळं ऐकू यायचं. बाबांनी ही सोय सांगलीच्या फोनसाठी करून घेतली होती, म्हणजे आण्णांचा, आईच्या वडिलांचा, फोन आला की खालून आई आणि वरून बाबा दोघंही बोलू शकतील. प्रत्यक्षात बोलायची आईच. बाबांचं सगळं संभाषण "हॅलो, आवाज येतोय का?" इतकंच असायचं. सांगलीला घरात फोन नव्हता. विनूमामा शेजारच्या डॉक्टरांकडे जाऊन कॉल लावायचा, मग दोन-दोन तास तिथेच बसून राहायचा. लाइन लागली की सगळे इतक्या मोठ्याने ओरडायचे, जणू फोन मध्ये नसता तरी चाललं असतं.

त्या रविवारी आम्ही निघायच्या तयारीत होतो. संध्याकाळचं विमान. इंडियाला जाताना वाटेत दोन दिवस रोम बघायचं हे बाबांनी वर्षभर आधी ठरवलं होतं. तेव्हा सगळेच असं करायचे. कुणी लंडन करायचं, कुणी फ्रँकफर्ट. शनिवारच्या पॉटलकमध्ये, म्हणजे सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, कुणी ना कुणी भिंतीवर स्लाइड्स दाखवायचं आणि बाकीचे पुढच्या वर्षीचं ठरवायचे. बाबा संशोधन केंद्रात आकडेवारीचं काम करायचे आणि सहलही त्याच हाताने आखायचे. त्यांच्याकडे रोमचं गाइडबुक होतं, त्यात पेन्सिलने बारीक वेळा लिहिलेल्या, कुठे किती मिनिटं. शौचालयांसाठी वेगळी खूण. माझा भाऊ समीर सात वर्षांचा आणि बहीण मनू चारची, तेव्हा ते गरजेचंच होतं म्हणा. मी तेरा वर्षांची. हॉलमध्ये बॅगा पसरलेल्या. बाथरूममधला वजनकाटा आणून बाबा एकेक बॅग घेऊन त्याच्यावर उभे राहायचे आणि आपलं वजन वजा करायचे. घरात दशम्यांचा आणि भाजलेल्या पोह्यांचा वास. रोममध्ये उपाशी मरू नये म्हणून आईने चिवडा, मेतकूट आणि दशम्या केल्या होत्या. एवढं सगळं झाल्यावर मनूला आंघोळ घालताना तिच्या लक्षात आलं की मामीसाठी काहीच घेतलं नाही. ती मनूला तशीच ओल्या केसांनी गाडीत घालून दुकानात गेली.

तेवढ्यात फोन वाजला. मी वर होते, उचलला. बाबांनी त्याच क्षणी खाली उचलला होता.

विनूमामाचा आवाज ओरडत नव्हता. त्यावरूनच मला कळलं. तो म्हणाला, "आण्णा गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. आत्ताच सगळं उरकून आलो." मध्ये खरखर. मग तो म्हणाला, "ताईला सांगू नका. वाटेत पोरं सांभाळायची आहेत तिला, कोसळेल ती. इथे आल्यावर मी सांगतो."

बाबा म्हणाले, "आम्ही रोमचं कॅन्सल करतो. डायरेक्ट येतो."

"कशाला? ती विचारेल ना का म्हणून. आणि आता येऊन दर्शन थोडंच होणार आहे? यायचे तसे या."

बाबा म्हणाले, "बरं."

आज मी साठीच्या उंबऱ्यावर आहे, आणि त्या "बरं"वर मी आयुष्यात जितका विचार केला तितका माझ्या लग्नावरसुद्धा केलेला नाही. दोन्ही माणसं वाईट नव्हती. आपल्याकडे हे असंच करतात. परगावी दिलेल्या लेकीला "तब्येत जरा बरी नाही" म्हणून बोलावून घ्यायचं आणि दारात पोचल्यावर सांगायचं. त्यात दयाच असते. फक्त ही दया बैलगाडीच्या आणि एसटीच्या अंतरासाठी बनवलेली होती. बारा हजार किलोमीटरला आणि मध्ये दोन दिवसांच्या सहलीला ती पुरेल का, हे कुणी बघितलं नाही. सहल रद्द केली तर आईला कळणार, म्हणून सहल करायलाच हवी, असा तो हिशोब. बाबांसारख्या आकडेमोडीच्या माणसाला तो बरोबर वाटला.

बाबा जिना चढून वर आले तेव्हा रिसीव्हर माझ्या हातातच होता. त्यांनी तो काढून घेतला, जागेवर ठेवला आणि पलंगावर बसले. त्यांचे डोळे लाल होते. "नंदू, आईला काही बोलायचं नाही. सांगलीला पोचेपर्यंत. आईची शपथ घे."

मी अमेरिकेत वाढलेली मुलगी. शपथबिपथ आम्ही मुलं आपसात चेष्टेत घ्यायचो. पण बाबांनी कधी कुणाला शपथ घातलेली मी ऐकली नव्हती. मी गळ्याला चिमटा लावला आणि म्हटलं, "आईची शपथ." हात खाली घेतला तेव्हा कळलं की आता मी तोंड उघडलं तर आई मरेल. मी खरंच असं मानत होते का? दिवसा नाही. पण धोका कोण पत्करणार?

आई परत आली. मामीसाठी नायलॉनची साडी मिळाली नाही म्हणून सेंट आणला होता. "कुणाचा फोन होता का रे?" असं तिने समीरला सहज विचारलं. तो म्हणाला, "आय डोन्ट नो, बाबा टॉक्ड." बाबा म्हणाले, "ऑफिसातून." आणि ते पुन्हा वजनकाट्यावर चढले.

रडू मला आलं नाही. आण्णा माझे लाडके होते. दर तीन वर्षांनी उन्हाळ्यात भेटायचे आणि मध्ये दर महिन्याला निळं एरोग्राम, विमानाने येणारं घडीचं पत्र, पाठवायचे, त्यात माझ्यासाठी तळाशी दोन ओळी असायच्या. तरीही रडू आलं नाही. दाताच्या डॉक्टरकडे सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं झालं होतं. गाल आहे हे कळतं, चावला तरी कळत नाही.

रोमला सकाळी उतरलो. उन्हाळा मी म्हणत होता. आमचं उतरायचं ठिकाण म्हणजे एका म्हाताऱ्या बाईच्या घराचा तिसरा मजला. उंच छत, हिरव्या लाकडी झडपा, भिंतीवर क्रूस आणि खोलीत एकच पंखा. मनूच्या स्ट्रोलरने पहिल्याच रस्त्यावर मान टाकली होती. तिथले रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे, त्यांच्या फटीत चाक अडकायचं आणि मनू पुढे कोसळायची. शेवटी बाबांनी स्ट्रोलर खांद्यावर आणि मनूला कडेवर घेतलं. आई मागून येत होती, डोक्यावर पदर, पायांत टेनिस शूज, आणि दर वळणावर "अगंबाई" म्हणत होती. तिची ही पहिलीच सहल. अमेरिकेत येऊन पंधरा वर्षं झाली होती, पण सुट्टी म्हणजे सांगली, नाहीतर कुणाच्या तरी घरी जाऊन तिथल्या बेसमेंटमध्ये झोपणं. तिने स्वतःसाठी काही बघायला म्हणून प्रवास कधी केला नव्हता.

दुपारी बाबांनी बॅगेतून भाताचा इलेक्ट्रिक कुकर काढला. हा आमच्या लोकांचा खास वेडेपणा. जगात कुठेही जा, हॉटेलच्या बाथरूममध्ये भात शिजलाच पाहिजे. अमेरिकेतला कुकर युरोपच्या विजेवर चालत नाही म्हणून बाबांनी एक कन्व्हर्टर आणला होता. तो केस वाळवायच्या छोट्या यंत्राच्या लायकीचा होता, हे नंतर कळलं. आईने तांदूळ धुतले, बाबांनी बटण दाबलं. एक फट् असा आवाज झाला, जळक्या रबराचा वास सुटला, पंखा थांबला, आणि जिन्यातून एकेका मजल्यावरून इटालियन भाषेत ओरडा सुरू झाला. सगळ्या इमारतीची वीज गेली होती. घरमालकीण वर आली. झडपा उघडून बघते तर बाबा बनियनवर, हातात धूर निघणारा कुकर, आणि समीर म्हणतोय, "इट्स ओके, वी आर जस्ट मेकिंग राइस."

आई हसली. तोंडाला पदर लावून सुरुवात केली, मग पदर सुटला, ती पलंगावर बसली, मग आडवी झाली. डोळ्यांतून पाणी. त्या म्हाताऱ्या बाईच्या हातावर तिने चिवड्याची पुडी ठेवली आणि पुन्हा हसत सुटली. शेवटी ती बाईसुद्धा हसायला लागली. समीर आणि मनू पलंगावर उड्या मारू लागले. मी आईकडे बघत उभी होते. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बाबाही बघत होते. आमची नजरानजर झाली आणि त्यांनी कुकरचं झाकण उघडून आत बघितलं. आत कच्चे तांदूळ होते.

पुढचं बरंचसं मला तुकड्यांनी आठवतं. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ, अखंड वाहणारे. सांगलीत वाढलेली आई ते बघून अस्वस्थ. "अहो, बंद करा ना कुणीतरी. केवढं पाणी चाललंय." समीरला तिने नळाची चावी शोधायला लावलं. चावी नव्हतीच. पण खालून बोट लावलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं हा शोध त्याला लागला, आणि बाबा कॅमेऱ्यासकट भिजले. कोलोसियमला वाघसिंह बघायला मिळतील अशी मनूची समजूत होती. तिथे फक्त मांजरं. ती म्हणाली, "दे एट द लायन्स?" बाबा घड्याळ बघून पुढच्या ठिकाणी न्यायचे. त्यांच्या वेळा चुकत नव्हत्या. मी त्यांच्यामागे चालत होते, ते म्हणतील तिथे उभी राहत होते, फोटोसाठी हसा म्हटलं की हसत होते. मला ना ऊन लागत होतं ना भूक. चर्चमध्ये गार वाटलं असणार, पण तेही आठवत नाही. पाय मात्र दुखले, ते आठवतात.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आईने बाबांच्या वेळापत्रकात पहिल्यांदा तोंड घातलं. ती म्हणाली, "तुमचं काहीही होवो, मला ते घुमटाचं देऊळ बघायचंय. आण्णांनी काम सांगितलंय."

आण्णा शाळेत इतिहास शिकवायचे. आयुष्यात मिरजेच्या पलीकडे फारसे गेले नाहीत, पण रोमन बादशहांची नावं त्यांना शेजाऱ्यांच्या नावांसारखी पाठ. त्यांचं शेवटचं एरोग्राम आईच्या पर्समध्ये होतं. त्यात लिहिलं होतं, रोममध्ये एक फार जुनं देऊळ आहे, त्याच्या घुमटाला माथ्यावर मोठं भोक आहे, वर काहीच झाकण नाही. मी तीस वर्षं मुलांना हे शिकवलं आणि दरवर्षी एखादं कार्टं विचारायचं की मास्तर, पाऊस आत येत नाही का? मला उत्तर माहीत नाही. तू जाऊन बघ आणि मला सांग. ही ओळ आईने विमानात आम्हाला दोनदा वाचून दाखवली होती.

आत गेलो. वरून उन्हाचा एक मोठा गोल भिंतीवर पडला होता. आई मान वर करून बघत राहिली, इतका वेळ की तिचा पदर खांद्यावरून घसरला. मग ती कामाला लागली. एका पहारेकऱ्याला तिने हातवारे करून, बोटांनी पाऊस पाडून विचारलं. त्याने खांदे उडवले. बाबांच्या गाइडबुकमध्ये याबद्दल काही नव्हतं. आई हिरमुसली. तेवढ्यात मनू कुठे गेली म्हणून शोधाशोध झाली, तर ती अगदी मधोमध जमिनीवर उकिडवी बसून चिवड्यातले शेंगदाणे एकेक करून कुठेतरी टाकत होती. फरशीत बारीक भोकं होती. बऱ्याच ठिकाणी. जवळ जाऊन पाहिलं तर फरशीलाही किंचित उतार होता. आईने भोकात करंगळी घालून बघितली.

"अहो, मोरी आहे ही," ती म्हणाली. "पाऊस आत येतो. येतो आणि इथून जातो." ती उठली आणि तिने माझे दोन्ही दंड धरले. "नंदू, आण्णांना सांगायचं हं, मनूने शोधलं म्हणून. केवढे खूश होतील ते."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. जीभ टाळ्याला चिकटली होती असं म्हणतात, तसं काही नव्हतं, जीभ चांगली सुटी होती. पण शपथ होती, आणि समोर आई होती, जिवंत, घामेजलेली, आनंदात. बाबा तिच्या मागे उभे होते आणि त्यांनी अगदी थोडीशी मान हलवली. मी म्हटलं, "हो, सांगू."

बाहेरच्या चौकात आईने त्या घुमटाचं कार्ड घेतलं आणि कारंज्याच्या पायऱ्यांवर बसून मांडीवर लिहिलं. मला वाचूनही दाखवलं. "ती. आण्णांस, पाऊस आत येतो. खाली मोऱ्या आहेत. शोध मनूचा. बाकी समक्ष." तिकीट लावलं आणि म्हणाली, "आपण तिथे असताना मिळेल त्यांना. माझ्यासमोर वाचतील. जा, त्या लाल पेटीत टाकून ये."

मी पेटीपर्यंत गेले. पेटीला दोन तोंडं होती, कुठलं कशाचं ते मला कळत नव्हतं. ते कारण नव्हतं. मेलेल्या माणसाला पत्र टाकायचं कसं, हे मला कळत नव्हतं. मी आईकडे पाठ करून उभी राहिले आणि कार्ड फ्रॉकच्या खिशात घातलं. परत आले तेव्हा बाबांनी सगळ्यांसाठी आईस्क्रीम आणलं होतं. आईसाठी पिस्त्याचं. "यात अंडं नसेल ना?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, "आजच्या दिवस नाही आहे असं समज." तिने एक चाटण घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "असं आईस्क्रीम मी जन्मात खाल्लं नाही." मनगटावर ओघळलेलं तिने लहान मुलीसारखं जिभेने पुसून काढलं. बाबांनी फोटो घेतला. माझं वितळून कोपरापर्यंत गेलं आणि मी ते तसंच जाऊ दिलं. आई ओरडली, "अगं लक्ष कुठे आहे तुझं? कशी ही मुलगी, सगळं आयतं मिळालं की किंमत नाही."

गुरुवारी संध्याकाळी सांगलीला पोचलो. मुंबईहून टॅक्सीने दिवसभर. आई वाटेत कराडला खाली उतरली, तोंड धुतलं, केस नीट केले, कुंकू ताजं लावलं. टॅक्सी गल्लीत वळली तेव्हा एरोग्राम तिच्या हातात होतं, उत्तर सांगायच्या तयारीत. फाटकात विनूमामा उभा होता. त्याच्या डोक्याचा गोटा केलेला होता.

आईने टॅक्सीचं दार उघडलं पण उतरली नाही. "कधी?" तिने विचारलं.

मामा म्हणाला, "रविवारी दुपारी."

मला वाटलं होतं ती हंबरडा फोडेल. सगळ्यांनाच वाटलं होतं. मामी पाण्याचा तांब्या घेऊन तयार उभी होती. आईने अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत मोजलं. रविवार. सोमवार. मंगळवार. तिथे अंगठा थांबला. "मंगळवारी मी आईस्क्रीम खात होते," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात.

मग ती बाबांकडे बघत राहिली. बाबांनी खाली बघितलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

आता कुणाचीही शपथ नव्हती. मला सांगता आलं असतं. पण ते "नाही" इतकं पटकन निघालं की मलाच नवल वाटलं. आईने मान डोलावली आणि ती टॅक्सीतून उतरली. तिने माझं म्हणणं मान्य केलं असं मी धरून चालले, पुढे कित्येक वर्षं.

खरा घाव त्यानंतर बसला, आणि तो घालणाऱ्यांना पत्ताही नव्हता. आत आईची आत्या बसली होती, आण्णांची धाकटी बहीण. शास्त्राचं तिला सगळं पाठ. आई आत जाऊन कोपऱ्यात बसायला लागली तेव्हा आत्या म्हणाली, "तू नको बसूस बाजूला. लग्न झालेल्या लेकीला बापाचं तीनच दिवस. ते मंगळवारीच फिटलं. डोक्यावरून अंघोळ कर, झालं." तिने चांगल्या मनानेच सांगितलं होतं, दमून आलेली पोर, तिला कशाला त्रास. आई उठली. न्हाणीघरात गेली. घंगाळातलं पाणी डोक्यावर ओतल्याचा आवाज आम्ही ओसरीवर बसून ऐकला. चार-पाच तांबे. मग आवाज थांबला आणि ती ओल्या केसांनी बाहेर येऊन मनूला भात भरवायला बसली. मामा दहा दिवस वेगळा बसला, जमिनीवर झोपला, रडला, लोक येऊन त्याच्याजवळ बसले. आईच्या वाट्याला एक अंघोळ आली. बाकीचं तिने आधीच करून टाकलं होतं, कोलोसियममध्ये आणि नळांवर आणि कुकरपाशी.

तो महिना ती दुपारी ओसरीवर उभी राहायची. पोस्टमनची वेळ. एकदा तिने मला विचारलं, "पेटीत नक्की टाकलं होतंस ना?" मी हो म्हटलं. बाबा म्हणाले, "इटलीचं पोस्ट म्हणजे आनंद आहे." निघायच्या दिवसापर्यंत कार्ड आलं नाही. ते माझ्या कंपासपेटीत होतं, कागदाखाली, कोनमापकाच्या खाली.

घरी आल्यावर बाबांनी स्लाइड्स धुवून आणल्या आणि दोनचार पॉटलकना दाखवल्या. पिस्त्याच्या आईस्क्रीमची स्लाइड उत्तम आली होती. भिंतभर आई, डोळे मिटलेले, मागे घुमट. "वहिनी, काय फोटोजेनिक दिसताय, यार," कुणीतरी काका म्हणाले. त्या स्लाइडच्या आधीच आई चहा टाकायला उठायची. स्लाइड्सचा क्रम तिला पाठ झाला होता. तिसऱ्या वेळेनंतर बाबांनी ती स्लाइड काढून टाकली आणि दोघांनी त्याबद्दल काही बोलल्याचं मला माहीत नाही. त्यांचा संसार पुढे बत्तीस वर्षं नीट चालला. भांडणं झाली ती गालिच्यावरून आणि समीरच्या मार्कांवरून. बाबा गेले तेव्हा आई तेरा दिवस जमिनीवर सतरंजी टाकून झोपली. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, आम्ही सगळे नको नको म्हणत होतो. ती म्हणाली, "मला माझे दिवस पुरे करू देत."

कंपासपेटी कधी हरवली ते मला आठवत नाही. कॉलेजला जाताना खोली आवरली तेव्हा ती नव्हती. मी शोधलीही नाही.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याचं कारण गेल्या महिन्यातलं. आई आता चौऱ्याऐंशीची, इथे अमेरिकेतच, माझ्याकडे अल्फारेटाला असते. दुपारी जेवणानंतर तिला एक वाटी आईस्क्रीम लागतं. हो, खाते ती. ज्यांना वाटलं असेल की तिने जन्मभरासाठी सोडलं, त्यांना माझी आई माहीत नाही. मी वाटीत काढत होते तेवढ्यात समीरचा फोन आला. तो आता सांता क्लाराला, स्वतःची नातवंडं व्हायच्या वयाचा.

"ताई, विनूमामा गेला. आत्ताच त्याच्या मुलाचा मेसेज आला," तो म्हणाला. "लिसन, डोन्ट टेल हर यट. तिचं हार्ट... लेट हर ईट, लेट हर स्लीप. मी वीकेंडला येतो, मग आपण दोघं मिळून सांगू. ओके?"

तो आण्णांचा नातू होता, बाबांचा मुलगा होता, आणि त्याच्या आवाजात तीच दया होती. मी फोन ठेवला. वाटी घेऊन बाहेर आले. आई खुर्चीत चमच्याची वाट बघत बसली होती. मी वाटी तिच्यासमोर ठेवली, चमचा हातात दिला, आणि चमचा वाटीत जायच्या आत म्हटलं, "आई, विनूमामा गेला."

तिने चमचा खाली ठेवला. "कधी?"

"आज. तिकडच्या रात्री."

ती खिडकीकडे बघत राहिली. शेजारच्यांचं गवत कापायचं मशीन चालू होतं, ते या टोकाहून त्या टोकाला गेलं आणि परत आलं. तिचे डोळे भरले, वाहिले, आणि तिने ते पुसले नाहीत. मी तिच्या गुडघ्यापाशी बसले. मग ती म्हणाली, "आण्णांचं कार्ड तुझ्या कंपासपेटीत होतं. त्याच वर्षी, तुझी शाळा सुरू झाली तेव्हा मिळालं मला."

आईस्क्रीम कडेने सुटायला लागलं होतं. तिने वाटी माझ्याकडे सरकवली.

"या वेळी खायच्या आधी सांगितलंस," ती म्हणाली. "उचल ही वाटी आणि अंघोळीचं पाणी काढ."